सुरक्षा परिषद वर्गात भरवायची असेल तर

कॉलेजच्या मुलांकडून संयुक्त राष्ट्रांची अभिरूप सुरक्षा परिषद बसवून घेताना, म्हणजे एकेक मूल एकेक देश होऊन, मी विषय हमखास देते तो लीबियाचा, मार्च 2011चा. लीबियाचा हुकूमशहा गद्दाफी, त्याचं सैन्य बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहराकडे सरकतंय आणि परिषदेपुढे ठराव 1973 आलाय.

आधी ठराव छापून हातात द्या. चौथं कलम पेन्सिल घेऊन वाचून घ्या. नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजायची मुभा त्यात आहे, पण परकीय फौजेने देश ताब्यात घ्यायचा नाही. या दोहोंच्या मध्ये काय काय बसतं, यावर पोरांना मनसोक्त भांडू द्या. भाषणं दोन मिनिटांत आटपा, कारण मसुद्यातले शब्द ठरतात ते मधल्या सुट्टीत, कोपऱ्यात.

भारत सर्वांत अभ्यासू मुलाकडे सोपवा. 17 मार्चला 10 मतं बाजूने पडली, भारतासह 5 देश तटस्थ राहिले. घटनास्थळाची खात्रीलायक माहिती हाती नाही, हे आपलं एक कारण. ते बेनगाझीतल्या माणसांचा विसर न पडता मांडता यायला हवं.

गेल्या खेपेला लेबनॉन झालेल्या मुलीने लीबियावर विमानबंदी लादा, हे अरब लीगचं 12 मार्चचं आवाहन शांतपणे वाचून दाखवलं आणि नायजेरिया, गॅबनचा सूरच पालटला. असा कागद प्रत्येकाकडे हवाच.

मतदानानंतर टाळ्या नकोत. लगेच फळ्यावर लिहा: या ठरावाच्या आधारे नाटोची लष्करी मोहीम ऑक्टोबरअखेर चालली, ती चौथ्या कलमात बसत होती का?