पायाची बोटं आणि तळव्याची कमान मजबूत करायचे व्यायाम

रंकाळ्यावर रोज फिरून मांड्या-पोटऱ्या तयार होतात, पण तळव्यातल्या बारक्या स्नायूंकडे कोण बघतच नाही, आणि कमान धरून ठेवायला तेही मदत करतात बघा.

सगळ्यात भारी व्यायाम म्हणजे खुर्चीवर बसून अनवाणी पाय फरशीवर सपाट ठेवायचा, बोटं अजिबात न दुमडता चवडा टाचेकडे ओढायचा, कमान आपोआप वर उचलते, ५ सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. सुरुवातीला बोटं वळतातच, मग हळू करा, घाई नको. बसून जमलं की उभं राहून, मग एका पायावर.

दुसरं, फक्त अंगठा उचलायचा, बाकीची चार खाली, मग उलटं. जमत नसेल तर हातानं मदत करा, चालतंय की! टॉवेल बोटांनी गोळा करणंही चांगलं, पण पहिला व्यायाम सोडून नुसतं तेवढंच नको.

शेवटी भिंतीला हात लावून टाचा वर, खाली येताना सावकाश.

कोल्हापुरी चप्पल सपाट असते, त्यामुळं टाच दुखत असेल तर लांब चालायला बूटच घाला. शुगरमुळं पाय बधिर असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.