आराखडा काढण्याआधी: सगळ्यांच्या जागेसाठी तयारीची यादी

पहिली रेघ ओढण्याआधी एक कोरा तक्ता आखा. जागा कुठलीही असो, बाग, चौक, नदीकाठ किंवा बसथांब्यामागचा पडीक तुकडा, तिथे आज कोण येतं आणि कोण येत नाही याची नोंद त्यात करायची आहे. एका बाजूला वेळा लिहा: पहाट, भर दुपार, संध्याकाळ, रात्र. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस वेगळे ठेवा. दुसऱ्या बाजूला माणसं लिहा: लहान मुलं, दहा ते पंधरा वयाच्या मुली, त्याच वयाचे मुलगे, एकट्या आलेल्या बायका, म्हातारी माणसं, काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारी, तान्हं मूल कडेवर घेतलेली, काहीही काम नसताना नुसती बसलेली. प्रत्येक जण थांबलाय की जागा ओलांडून पुढे चाललाय, हेही टिपा. आठवडाभराने तक्ता समोर घ्या आणि भरलेले रकाने सोडून रिकामे रकाने वाचा. तुमचं काम त्या रिकाम्या रकान्यांत आहे.

हे मोजणं सोपं वाटतं म्हणून टाळू नका. व्हिएन्नामध्ये १९९०च्या दशकात बागांची अशीच पाहणी झाली, तेव्हा वयाच्या साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेतून दिसेनाशा होतात असं आढळलं. मुलग्यांचं तसं होत नव्हतं. मुलींना कुणी मनाई केली नव्हती. मोकळी जागा एकसंध होती, तिचा ताबा जोरकस खेळणाऱ्यांकडे जायचा आणि जागेसाठी भांडण्यापेक्षा मुली निघून जायच्या. १९९९मध्ये शहराने दोन बागांची फेरआखणी सुरू केली. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची मैदानं दिली, मोठं मैदान झाडाझुडपांनी अर्धवट आडोशाच्या लहान कप्प्यांत विभागलं. मुली परतल्या. सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली जागा सगळ्यांना मिळतेच असं नाही, एवढं या उदाहरणातून घ्या. व्हॉलीबॉलचं जाळं जसंच्या तसं उचलून आणू नका.

मोजणी झाली की बोलणं. इथे बहुतेक प्रकल्प घसरतात, कारण सभा संध्याकाळी, जिना चढून जाण्याच्या सभागृहात भरते आणि आधीपासून जागा वापरणारेच तिथे येऊन मतं देतात. रिकाम्या रकान्यातली माणसं सभेला येणार नाहीत. तुम्हालाच जावं लागेल. शाळा सुटताना फाटकाशी उभे राहा, दवाखान्याच्या बाकांवर बसा, अंध व्यक्तींच्या संस्थेत वेळ मागून घ्या, त्याच जागेवर माल विकणाऱ्यांशी आणि पहाटे झाडणाऱ्यांशी बोला. झाडणाऱ्यांना पाणी कुठे तुंबतं आणि रात्री कुठे कोण निजतं हे कुठल्याही सर्वेक्षकापेक्षा जास्त माहीत असतं. जे आपला वेळ देतील त्यांच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. सल्लागाराला मानधन आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्याला फक्त चहा, हे बरं दिसत नाही.

एकाच अपंग व्यक्तीला बोलावून सगळ्यांचं मत कळलं असं मानू नका. गरजा एकमेकींशी भांडतात. चाकाच्या खुर्चीला फुटपाथ आणि रस्ता एका पातळीत हवा असतो. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीला कडेची उंची लागते, कारण फुटपाथ कुठे संपला हे तीच सांगते. कडा काढून टाकून माणसं आणि वाहनं एकाच सपाटीवर आणायची रचना अनेक शहरांत मोठ्या कौतुकाने झाली. वाहनचालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून रस्ता ओलांडायचा, ही त्यामागची कल्पना. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याने काय भिडवायचं? ब्रिटनमध्ये अंध व्यक्तींच्या संघटनांनी वर्षानुवर्षं हेच विचारलं आणि २०१८मध्ये तिथल्या सरकारने अशा सपाट योजना तूर्त थांबवायला सांगितलं. यावर तोडगा आहे: ओलांडण्याच्या जागी कड उतरती करा आणि त्या उतारावर उठावाच्या ठिपक्यांच्या फरशा लावा. या फरशा सेइइची मियाके या जपानी गृहस्थाने १९६५मध्ये शोधल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांबट रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. एवढी साधी भाषा आहे, तरी ठेकेदार दोन्ही फरशा नक्षीसारख्या मिसळून टाकतात किंवा रेघांचा पट्टा थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडतात. म्हणून आराखड्यात प्रत्येक पट्टा कुठून निघतो आणि कुठे संपतो हे वेगळ्या नकाशावर काढा. पट्ट्याचा रंग आजूबाजूच्या फरशीहून ठळक वेगळा हवा, कारण काठी वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना थोडंफार दिसतं. सौंदर्यासाठी राखाडीवर राखाडी पट्टा मागणारा वास्तुविशारद भेटेलच. त्याला इथे नमू नका.

आता प्रत्यक्ष चालणं. सोबत मोजपट्टी, गवंडी वापरतात ती पाणपातळी, वेळ मोजायचं घड्याळ आणि उसनी आणलेली व्हीलचेअर घ्या. सुरुवात जागेच्या फाटकापासून करू नका, सर्वात जवळच्या बसथांब्यापासून करा. आत कितीही सुंदर उतार असला आणि वाटेतल्या फुटपाथवर एक पायरी असली, तर आतला उतार कुणासाठी आहे? व्हीलचेअर ढकलल्याने जमीन कळते, व्हीलचेअरवरचं आयुष्य कळत नाही. त्यामुळे तासाभराने उठून उभं राहिल्यावर त्यावर भाषण करायचा मोह आवरा.

उताराचं गणित आत्ताच करून ठेवा. जगभर मानला जाणारा नेहमीचा दर एकास बारा आहे. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो, तशा तीन पायऱ्यांना ५.४ मीटर, आणि वर-खाली सपाट थांबे वेगळेच. एवढी जागा शेवटी उरत नाही. मग उतार मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी जातो आणि एक माणूस समोरून तर दुसरा मागून आत येतो. जमिनीची पातळीच बदलता येते का, पायऱ्यांची गरजच संपवता येते का, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या आठवड्यात विचारता येतो, नंतर नाही. वळायला व्हीलचेअरला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. फाटकाच्या आत-बाहेर ते खडूने काढून बघा. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून लावलेलं फिरतं किंवा नागमोडी फाटक हमखास व्हीलचेअर आणि बाबागाडीलाही अडवतं. मोटारसायकलवाला मात्र कुंपणातली फट शोधून काढतो. गटारांवरच्या जाळ्यांचे गज चालण्याच्या दिशेला आडवे आहेत ना, तेही पाहा, नाहीतर पुढचं लहान चाक अडकलंच.

रस्ता ओलांडण्याचा सिग्नल तुमच्या हद्दीत नसेल, तरी घड्याळ लावून बघा. सिग्नल बहुधा सेकंदाला १.२ मीटर या चालीवर बेतलेले असतात, म्हणजे बारा मीटरचा रस्ता दहा सेकंदांत. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिथे पंधरा सेकंद लागतात. उरलेली पाच सेकंदं तो गाड्यांसमोर असतो. सिंगापूरने २००९पासून काही सिग्नलांवर ज्येष्ठांना कार्ड टेकवून जास्त वेळ मिळवायची सोय केली आहे. तुमच्याकडचे आकडे लिहून वाहतूक विभागाला पत्र आत्ताच धाडा, उत्तर यायला वेळ लागतो. एक फेरी गुडघ्यांवर बसूनही करा: तीन वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून मीटरभरही वर नसतात आणि तिथून फुलझाडांच्या कुंड्या भिंतीसारख्या दिसतात.

रात्रीची फेरी वेगळी, आणि ती बायकांनी करायची. टोरोंटोत १९८९मध्ये बायकांनी स्वतः चालत जाऊन सुरक्षेची तपासणी करायची पद्धत बांधली गेली. ती आज अनेक शहरांत वापरतात. कुठे पाऊल अडखळतं, कुठून कुणी दिसत नाही, ओरडलं तर कुणाला ऐकू जाईल, पळायचं झालं तर वाट कुठे, अशा नोंदी करा. दिव्यांची संख्या वाढवून भागत नाही. एक प्रखर दिवा आणि पलीकडे काळोख, यापेक्षा मंद पण सारखा उजेड बरा. समोरून येणाऱ्याचा चेहरा पुरेशा अंतरावरून ओळखता यायला हवा. झाडं आणि दिव्यांचे खांब एकाच नकाशावर काढा, कारण पाच वर्षांनी फांद्या दिवा गिळतात. आडोशाच्या कप्प्यांना दोन वाटा ठेवा.

बसण्याच्या जागेवर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसं निरखणाऱ्या विल्यम व्हाइट यांना आढळलं ते जवळजवळ हास्यास्पद वाटावं इतकं साधं होतं: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. हलवता येणाऱ्या खुर्च्या लोकांना फार आवडतात, आणि बसण्याआधी लोक ती खुर्ची उगाच दोन-चार बोटं सरकवतात, हेही त्यांनी टिपलं. बायकांचं प्रमाण चांगलं असेल तर चौक बरा चाललाय, असंही त्यांचं निरीक्षण होतं. तुमच्या यादीत बाकाची उंची सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर असू द्या, पाठ टेकायची सोय आणि उठताना जोर द्यायला हात असू द्या. पण सगळ्याच बाकांना दोन्ही बाजूंनी हात नकोत. व्हीलचेअरवरून बाकावर सरकायला एक बाजू मोकळी लागते. बाकाशेजारी व्हीलचेअरपुरती फरसबंद जागा ठेवा, म्हणजे दोघं मित्र शेजारी बसतील, एक जण वाटेत अडथळा बनून राहणार नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना गर्दीच्या पायी वाटांवर पन्नास मीटरच्या आत पुढचं बसायचं ठिकाण मागतात. गुडघे दुखणाऱ्यासाठी हे अंतर म्हणजे बाहेर पडावं की नाही याचा निर्णय असतो.

बाकाच्या मधोमध बसवलेला दांडा कशासाठी असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी आडवं होऊ नये म्हणून. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२मध्ये काँक्रीटचे तिरके बाक बसले. झोपता येऊ नये, स्केटबोर्डवाल्यांना खेळता येऊ नये, काही लपवता येऊ नये असे. ते काम ते चोख करतात, बसायला मात्र कुणाला ते फार आवडत नाहीत. तरुणांना हुसकवायला फक्त त्यांच्याच कानांना टोचेल असा किणकिणाट करणारं यंत्रही ब्रिटनमध्ये विकलं जातं. तो आवाज तान्ह्या मुलांनाही ऐकू येतो, पण त्यांना सांगता येत नाही. तुमच्याही बैठकीत कुणीतरी म्हणेल की नको ते लोक येतील. तेव्हा वाद घालू नका. नको ते लोक म्हणजे कोण, हे इतिवृत्तात नावानिशी लिहायला सांगा: बेघर, टोळकं करणारी पोरं, फेरीवाले, जे कोण असतील ते. लिहायची वेळ आली की निम्मे लोक मागणी मागे घेतात. उरलेल्यांशी त्या माणसांची सोय दुसरीकडे काय, यावर बोलता येतं.

स्वच्छतागृह नसेल तर वरची सगळी मेहनत तासाभराच्या मुक्कामापुरती आहे. बायका, मुलं, म्हातारी माणसं आणि मधुमेही आधी घड्याळ बघतात, मग झाडं. बायकांना आणि पुरुषांना सारखं क्षेत्रफळ देणं ही समानता नव्हे, कारण तेवढ्याच जागेत मुताऱ्या जास्त बसतात आणि बायकांना वेळही जास्त लागतो. शौचाची आणि मुतारीची भांडी मोजा, चौरस मीटर नको. एक खोली अशी ठेवा की जिथे कुणीही, सोबतीच्या माणसासह, जाऊ शकेल: नवरा बायकोची काळजी घेत असेल, बाप मुलीला घेऊन आला असेल, किंवा कुणाला दोन्ही पाट्यांपैकी एकही आपली वाटत नसेल. दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं. किल्ली कुणाकडे आणि कधीपर्यंत, हेही आराखड्यासोबतच ठरवा.

पाट्यांचं थोडक्यात: मोठी अक्षरं, ठळक फरकाचे रंग, शब्दासोबत चित्र, आणि ब्रेल हाताला लागेल अशा उंचीवर. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी कारंजं आणि खेळण्यांपासून दूर एक शांत कोपरा ठेवा.

निविदा काढण्याआधी सगळं एकदा खऱ्या मापात जमिनीवर आखून बघा. खडू, दोरी, मांडलेल्या खुर्च्या आणि पुठ्ठ्याचे खांब पुरतात. ज्यांच्याशी बोललात त्यांनाच बोलावून त्यावरून फिरवा आणि जे अडेल ते तिथल्या तिथे पुसून बदला. निविदेत लिहा की उताराची पातळी फरशी बसण्याआधी तपासली जाईल आणि काम चालू असताना वळसा घालायची वाटही व्हीलचेअरला चालेल अशीच असेल. पत्रे ठोकून वर्षभर फुटपाथ बंद ठेवणं ठेकेदाराला सोपं जातं. फांद्या छाटणं, दिवे बदलणं, उखडलेल्या ठिपक्यांच्या फरशा बसवणं यासाठी पुढच्या वर्षांचे पैसे वेगळ्या शीर्षाखाली मागा.

शेवटचं काम आत्ताच तारखेसह लिहून ठेवा. जागा खुली झाल्यावर तीन महिन्यांनी आणि वर्षाने तोच तक्ता, त्याच वेळांना, त्याच रकान्यांसह पुन्हा भरायचा आहे. जे रकाने तेव्हाही रिकामे असतील त्यांच्यासाठी बाक हलवायला, वाट वळवायला, फाटक काढायला थोडी रक्कम राखून ठेवा आणि ती उद्घाटनाच्या कार्यक्रमावर खर्च होणार नाही असं लेखी घ्या.