शिकारी रायफलला पीप साइट: खरं काम पुढच्या माशीचं

नळीवरची खाचेची साइट काढून रिसिव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर, पीप साइट (भोकातून बघून नेम धरायचं कडं) लावायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष त्या नव्या कड्याकडे जातं. कडं बसवणं तसं सोपं. पण पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेमाची खुंटी, जुनीच राहिली तर गोळी वर जाते आणि साइट पार तळाला आणली तरी खाली येत नाही. रिसिव्हरवरची साइट नळीवरच्या साइटपेक्षा उंच बसते, म्हणून माशीही उंच लागते. हा हिशोब आधी डोक्यात असू द्या आणि मगच पेचकस हातात घ्या.

एवढा खटाटोप करण्यासारखं त्यात काय आहे? खाचेच्या साइटमध्ये खाच, माशी आणि जनावर अशा तीन गोष्टी डोळ्याला एकदम सांभाळायच्या असतात, आणि चाळिशीनंतर त्यातली खाच पहिली धूसर होते. पीपमध्ये कडं धूसरच दिसतं, दिसू द्या. डोळा आपोआप उजेडाच्या मध्यावर जातो. माशी स्वच्छ बघायची आणि जिथे मारायचं तिथे ठेवायची, बस. शिवाय दोन साइटमधलं अंतर 450 मिमीवरून सहज 650 मिमीपर्यंत जातं, त्यामुळे नेमातली तेवढीच चूक लक्ष्यावर कमी दिसते. ली-एनफील्ड नंबर 4 आणि अमेरिकेची 1903ए3 या लष्करी रायफलींवर मागची साइट नळीवरून उचलून रिसिव्हरवर आणली गेली. शिकारीच्या रायफलला तर ती अधिकच शोभते.

आधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं असल्याची खात्री करा. काडतुसं त्या टेबलावर नकोतच.

रिसिव्हरवर आटे पाडलेली भोकं असतील तर त्यातले भरणीचे स्क्रू काढा. भोकं आणि नवे स्क्रू अ‍ॅसिटोननं धुऊन तेलाचा अंश घालवा. भोकं नसतील तर ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्या. रिसिव्हरचं पोलाद कडक असतं आणि तिरकं पडलेलं भोक परत सरळ होत नाही.

आता स्क्रूंची लांबी, आणि इथे घाई अजिबात करू नका. साइटचा तळ जागेवर ठेवून एकच स्क्रू घट्ट करा आणि तळ हलवून बघा. स्क्रू आवळलेला लागतोय पण तळ हलतोय, तर स्क्रू भोकाच्या बुडाला टेकलाय. तो थोडा घासून आखूड करा. मग दुसऱ्या स्क्रूची तीच परीक्षा. दोन्ही आवळले की बोल्ट अगदी सावकाश पुढे-मागे करा. कुठे जरा जरी अडखळला तर स्क्रूचं टोक बोल्टच्या वाटेत आलंय. बोल्टची मूठ आणि सेफ्टीची कळ साइटला घासत नाहीत ना, हेही बघा. माउझर धर्तीच्या बोल्टवर उभी फिरणारी सेफ्टी असते, ती हमखास आड येते. बाजूला बसणारी साइट असेल तर तिचा तळ स्टॉकच्या लाकडाला टेकता कामा नये. सगळं जुळल्यावरच निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब लावून शेवटचं आवळा.

नळीवरची जुनी साइट ठेवू नका, कड्यातून बघताना तीच मध्ये येते. ती डोव्हटेलमध्ये (नळीवरच्या आडव्या, तळाशी रुंद खाचेत) असेल तर पितळी पंचानं, मागून बघताना डावीकडून उजवीकडे ठोकून काढा आणि रिकाम्या खाचेत पट्टी बसवा.

आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. कड्यात माशी दिसली पाहिजे. गाल उचलावा लागत असेल तर स्टॉकचा वरचा काठ उंच करून घ्या. जोरात मागे येणाऱ्या रायफलीवर कडं भुवईपासून लांबच ठेवा.

कड्याचं भोक मोठंच घ्या. निशाणेबाजीची बारीक भोकाची डिस्क (कड्यात बसणारी चकती) उन्हात छान वाटते, पण संध्याकाळी त्यातून काळोख दिसतो. जनावर बाहेर पडतं ते त्याच वेळी. मी 3 मिमीच्या आतलं भोक शिकारीला लावत नाही. बऱ्याचदा डिस्कच काढून नुसतं कडं ठेवतो.

माशीचं माप काढायची रीत अशी: दोन साइटमधलं अंतर गुणिले गोळीची चूक, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं एकाच मापात. साइट तळाला असताना 100 मीटरवर गोळ्या 120 मिमी वर पडताहेत आणि साइटमधलं अंतर 650 मिमी आहे, तर माशी आताच्यापेक्षा किमान 0.78 मिमी उंच हवी. मी त्याहून थोडी जास्तच उंच घेतो, कारण कानशीनं कमी करता येते, वाढवता येत नाही. माशीची जाडीही बघा: डोळ्यापासून 80 सेंमीवरची 1.6 मिमीची माशी 100 मीटरवर तब्बल 20 सेंमी झाकते. म्हणून गोळी माशीच्या मधोमध नको, वरच्या काठावर पडेल अशी साइट लावा. आणि गोल चकचकीत मण्यापेक्षा सपाट तोंडाची माशी घ्या. मण्यावर एका बाजूनं ऊन पडलं की नेम त्या चकाकीकडे सरकतो.

पहिल्या गोळ्या 25 मीटरवर, टेकू देऊन, तीन-तीनच्या गटानं झाडा. गोळी उजवीकडे न्यायची तर मागची साइट उजवीकडे, वर न्यायची तर वर. माशी सरकवायची झाली तर नेमकं उलट. एका गोळीवरून साइट हलवू नका, गटाचा मध्य धरा. मग 100 मीटरवर पक्कं करा, आणि शिकारीला जी काडतुसं नेणार तीच वापरा. जुन्या पेटीतल्या दुसऱ्या वजनाच्या गोळीवर लावलेली साइट म्हणजे जखमी होऊन निघून गेलेलं जनावर, आणि ते आपल्या हातून होऊ नये.

जागा ठरली की साइटच्या पट्टीवरचा आकडा टिपून ठेवा, तळ आणि रिसिव्हर यांच्या सांध्यावर एक बारीक रेघ ओढा. काडतुसांची एक पेटी संपली की स्क्रू पुन्हा तपासा आणि ती रेघ जुळते का ते बघा.