चांदण्यातली शाळा: प्रौढांचा रात्रवर्ग कसा लावावा

अमेरिकेत केंटकीच्या रोवन काउंटीत कोरा विल्सन स्टुअर्ट यांनी ५ सप्टेंबर १९११ ला प्रौढांसाठी रात्रशाळा उघडल्या. रस्ते खराब, म्हणून वर्ग चांदण्या रात्रींचे. दीडशे लोक येतील असा अंदाज होता, आले सुमारे १२००.

आपल्या खेड्यात कापूस वेचणी चालू असताना वर्ग लावूच नका. दिवसभर वाकलेली बाई रात्री डुलक्याच घेणार. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, की शुक्ल अष्टमीच्या आसपास सुरुवात करा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, तेव्हा बॅटरी लागेल.

स्टुअर्टबाईंची खरी युक्ती लिहिण्यात होती: अक्षरांच्या खाचा पाडायच्या आणि त्यातून पेन्सिल फिरवायची. जाड पुठ्ठा घ्या, रिकाम्या बॉलपेनने तीन-चार बोटं उंचीची अक्षरं दाबून कोरा. एकदा गिरवून भागत नाही. खाच उथळ राहिली तर पेन्सिल घसरते आणि माणूस समजतो, आपला हातच जड आहे. सुरुवात अ-आ-इ पासून नको, ज्याच्या-त्याच्या नावापासून करा. अंगठ्याऐवजी सही जमली की माणूस टिकतो.

वाचायला बालभारती देऊ नका, मोठ्या माणसाला ते कमीपणाचं वाटतं. तिकडे गावच्या बातम्यांचं छोटं वर्तमानपत्रच काढलं होतं. इथे सातबारा, कापसाची काटापट्टी, एसटीची पाटी चालेल.

चाळिशीपुढच्यांना अक्षर पुसट दिसत असेल तर आधी चष्म्याचं बघा. आणि चूक चारचौघांत दाखवू नका, दुसऱ्या दिवशी तो येणार नाही.