बॅटरी घरात येण्याआधी टॅरिफची तयारी: ब्रिटनमधल्या घरांसाठी

घरातल्या बॅटरीचा खेळ साधा: वीज स्वस्त असताना ती भरायची आणि महाग असताना वापरायची, म्हणून वेळेप्रमाणे दर बदलणारं टॅरिफ, म्हणजे वीज कंपनीची दरयोजना, नीट निवडावी लागते. टॅरिफची तुलना करायला बसण्याआधी जानेवारीतला एक आठवडा समोर घ्या. स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या खात्यातून दर अर्ध्या तासाचा वापर उतरवून घेता येतो. जूनचे आकडे बघू नका. जूनमध्ये छतावरचं सोलर दुपारपर्यंत बॅटरी भरून टाकतं, त्यामुळे कुठलाही दर बराच वाटतो. खरी परीक्षा हिवाळ्यात असते. चार वाजता अंधार पडतो, मुलं घरी येतात, हीटिंग चालू होतं आणि काही टॅरिफमध्ये वीज नेमकी चार ते सातमध्येच सगळ्यात महाग असते. त्या आठवड्यातून दोनच आकडे काढून कागदावर लिहा: स्वस्त वेळ संपल्यापासून ती पुन्हा सुरू होईपर्यंत किती युनिट लागले, आणि त्यातले चार ते सातमध्ये किती.

मग बॅटरीचं माहितीपत्रक वाचा. वर मोठ्या अक्षरात लिहिलेली क्षमता आणि प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता यात फरक असू शकतो, दुसरी धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती किती किलोवॉटने भरते. दहा युनिटची बॅटरी अडीच किलोवॉटने भरायला चार तास लागतात, म्हणजे तीन तासांच्या स्वस्त वेळेत ती पूर्ण भरणारच नाही. विक्रेते क्षमतेबद्दल भरभरून बोलतात, याबद्दल विचारावं लागतं.

उलट बाजूही पाहा. इथल्या बऱ्याच घरांत इलेक्ट्रिक शॉवर असतो, साडेआठ-नऊ किलोवॉटचा. बॅटरीतली वीज घराला पुरवणारा इन्व्हर्टर ३.६ किलोवॉटचा असेल तर शॉवर चालू असताना बॅटरी गच्च भरलेली असूनही पाच-साडेपाच किलोवॉट ग्रिडमधूनच येतात, त्या वेळच्या महाग दराने. इलेक्ट्रिक हॉबवर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला तवा आणि शेजारी केटल लावली की तीच गत. म्हणून पोळ्या आणि मुलांच्या आंघोळी एकाच वेळी होतात का, हे टॅरिफ निवडताना खरोखर विचारात घ्यायचं.

आता हिशेब. समजा रात्रीचा दर ८ पेन्स आणि दिवसाचा २८. फरक २० पेन्स दिसतो, पण बॅटरीत दहा युनिट घातले तर साडेआठ ते नऊच परत मिळतात. म्हणजे ८ पेन्सचं युनिट बाहेर येईपर्यंत नऊ-साडेनऊ पेन्सच्या घरात गेलेलं असतं. रोज आठ युनिट असे फिरले तर दीड पौंड वाचतो. हा आकडा सरळ ३६५ ने गुणून कोटेशनमध्ये लिहिलेला दिसला तर तो कागद बाजूला ठेवा, कारण उन्हाळ्यात सोलर असलेल्या घरात रात्री भरायला जागाच उरत नाही. याच हिशेबामुळे पुण्या-नाशिकहून कुणी विचारलं तर मी बॅटरी सध्या नको म्हणतो. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे, सवलत दिली. युनिटचा दर आठ-दहा रुपये धरला तर बॅटरीतली दहा-पंधरा टक्के घट रुपयाच्या आसपास जाते. सवलत तिथेच संपली. तिकडे वॉशिंग मशीन दुपारी लावणं हाच शहाणपणा.

इथले पर्याय ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला ठरलेल्या वेळेचा: इकॉनॉमी सेव्हन १९७८ पासूनचा, रात्री सात तास स्वस्त, किंवा ऑक्टोपस या वीज कंपनीचा गो, रात्री साडेबारा ते पहाटे साडेपाच, पण तो इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी. दुसरा दिवसाचे तुकडे पाडणारा: ऑक्टोपसच्याच फ्लक्समध्ये पहाटे दोन ते पाच स्वस्त आणि दुपारी चार ते सात महाग, पण त्याच वेळी वीज परत विकलीत तर भावही चढा. त्यासाठी सोलर आणि बॅटरी दोन्ही हवं. त्याच कंपनीने हीट पंपवाल्यांसाठी काढलेल्या कोझीत पहाटे, दुपारी आणि रात्री असे तीन स्वस्त तुकडे असतात, त्यामुळे लहान बॅटरीही दिवसातून दोनदा भरून वापरता येते. तिसरा ऑक्टोपसचाच अजाइल, ज्याचा भाव दर अर्ध्या तासाला वेगळा असतो आणि दुसऱ्या दिवसाचे भाव आदल्या दिवशी चारच्या सुमाराला कळतात. वारा सुटला की भाव कधी शून्याखाली जातो, थंडीत वारा पडला की चढतो, आणि कमाल मर्यादा आहे थेट १०० पेन्स. बॅटरी आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर नसेल तर अजाइलच्या वाटेला जाऊ नका. रोज संध्याकाळी फोनवर भाव बघण्याचा उत्साह फार टिकत नाही. वेळा आणि अटी कंपन्या बदलत राहतात, तेव्हा सही करायच्या दिवशी पुन्हा वाचा. दरही पोस्टकोडप्रमाणे बदलतात, ब्रिटनमध्ये असे चौदा विभाग आहेत. लेस्टरच्या मित्राचा आकडा तुमच्या स्लाऊच्या घराला लागू होत नाही.

कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून ती आधी मार्गी लावा. स्मार्ट मीटर अर्ध्या तासाचं रीडिंग खरंच पाठवतोय ना, हे कंपनीला विचारा. स्वयंपाकघरातला डिस्प्ले चालू आहे एवढं पुरेसं नाही. इन्व्हर्टर एका फेजला ३.६८ किलोवॉटपर्यंत असेल तर तो बसवल्यावर नेटवर्क कंपनीला (तुमच्या भागातल्या वीजतारा सांभाळणारी, बिल पाठवणारी नव्हे) २८ दिवसांत कळवलं की झालं. त्यापुढे आधी परवानगी लागते, आणि सोलरचा इन्व्हर्टरही त्याच मोजणीत धरला जातो. वीज विकायची असेल तर एमसीएस (सोलर-बॅटरी मानकाप्रमाणे बसवल्याचं) किंवा तत्सम प्रमाणपत्र आणि एक्स्पोर्टसाठी वेगळा मीटर क्रमांक लागतो. तो मिळायला काही आठवडे जाऊ शकतात. ग्रिडमधून भरलेली वीज परत विकायला सगळे करार परवानगी देत नाहीत, ते कलम शोधून वाचा. तुमचं सोलर एप्रिल २०१९ च्या आधीचं असून फीड-इन टॅरिफ (सोलरच्या विजेसाठी पैसे देणारी जुनी सरकारी योजना) चालू असेल तर मोजून विकायला लागल्यावर अंदाजाने धरलेल्या एक्स्पोर्टचे पैसे बंद होतात. उत्पादनाचे चालू राहतात. नुसत्या बॅटरीवरही १ फेब्रुवारी २०२४ पासून व्हॅट शून्य आहे, ३१ मार्च २०२७ पर्यंत. कोटेशनमध्ये २० टक्के दिसले तर विचारा.

जागेचाही टॅरिफशी संबंध आहे. २०२४ च्या पीएएस ६३१०० या मानकाप्रमाणे बॅटरी माळ्यावर, जिन्याखाली किंवा झोपायच्या खोलीत नको. मग उरतं गॅरेज किंवा बाहेरची भिंत. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली भरता येत नाही, आणि तुमची स्वस्त वेळ नेमकी पहाटेची, रात्रीतली सगळ्यात थंड. बॅटरीत हीटर आहे का, हे विचारूनच जागा ठरवा.

गाडी असेल तर एक गोष्ट बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. रात्री गाडी चार्जिंगला लागली की घराच्या केबलवरच्या सेन्सरला ती घराचाच वापर वाटते, आणि बॅटरी आपली वीज गाडीत ओतून सकाळी रिकामी होते. तेवढ्या वेळेत बॅटरीने फक्त भरायचं, सोडायचं नाही, अशी सेटिंग लागते, किंवा गाडीची केबल मीटर आणि सेन्सर यांच्यामधून घ्यावी लागते.

इन्व्हर्टरचं घड्याळही बघून घ्या. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळ बदलते. सगळी इन्व्हर्टर ती आपोआप बदलत नाहीत. जुन्या इकॉनॉमी सेव्हन मीटरांपैकी बरेच तर वर्षभर ग्रीनिचच्याच वेळेवर चालतात, म्हणजे उन्हाळ्यात स्वस्त वेळ तासभर पुढे सरकते. स्वस्त वेळेच्या दोन्ही टोकांना पाच-दहा मिनिटं सोडून चार्जिंग लावा. नवा दर लागू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कंपनीच्या खात्यातले अर्ध्या तासाचे आकडे आणि बॅटरीच्या ॲपचे आकडे शेजारी ठेवून पाहा. थोडा फरक असणारच, पण स्वस्त वेळेच्या लगतच्या अर्ध्या तासात दीड-दोन युनिट दिसले तर त्याच दिवशी सेटिंग उघडा.