लिपिडांचा अभ्यास करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील अनेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान शाखेत जाताच तोच विषय इंग्रजीतून वाचू लागतात. या बदलात लिपिड म्हणजे चरबी, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते आणि पुढच्या बऱ्याच चुका या समजुतीतूनच निघतात.

प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळीवरून ओळखता येतात, परंतु लिपिडांना असा एकच सांगाडा नाही. पाण्यात जवळजवळ न विरघळणारे आणि क्लोरोफॉर्म, ईथर यांसारख्या द्रावकांत विरघळणारे पदार्थ, असा हा गट आहे, म्हणूनच तेल, मेण आणि चार कड्यांचे कोलेस्टेरॉल त्यात एकत्र येतात. त्यामुळे ‘मेदाम्ल हा लिपिडांचा मोनोमर (साखळी बनवणारा सुटा घटक) आहे’ असे लिहू नये. ट्रायग्लिसराइडमध्ये एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले एस्टर बंधांनी जोडली जातात, पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात आणि रेणू तेथेच पूर्ण होतो. साखळी पुढे वाढत नाही.

पेशीपटलाच्या आकृतीत सर्वाधिक गुण जातात. पटल ज्याचे बनते त्या फॉस्फोलिपिडला मेदाम्लांच्या तीन नव्हे, दोन शेपट्या असतात आणि पाण्याकडे ओढली जाणारी डोकी केवळ बाहेरच्या बाजूला काढून चालत नाही, कारण पेशीच्या आतही पाणीच असते. 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील लिपिडांचा एकपदरी थर पाण्यावर पसरून मोजला आणि तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरल्यामुळे पटल दुपदरी असल्याचा निष्कर्ष काढला. गंमत अशी की त्यांच्या मोजमापात दोन त्रुटी होत्या, पण त्या त्रुटींनी एकमेकींची भरपाई केली.

वनस्पतीचे तेल म्हणजे असंतृप्त (साखळीत दुहेरी बंध असलेले), हाही घाईचा नियम होय. बेळगावच्या थंडीत सकाळी खोबरेल तेल बाटलीत गोठलेले असते आणि शेजारचे शेंगदाण्याचे तेल मात्र सहज ओतता येते. खोबरेलातील सुमारे 90 टक्के मेदाम्ले संतृप्त असल्याने त्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना लगटून बसतात, तर शेंगदाण्याच्या तेलात दुहेरी बंधापाशी साखळी वाकते आणि ती रचना दाट होत नाही. कोलेस्टेरॉल केवळ घातक आहे असे लिहिणेही अर्धवट ठरते, कारण पित्तक्षार, कॉर्टिसॉल आणि लैंगिक संप्रेरके त्यापासूनच तयार होतात.

प्रयोगशाळेत शेंगदाणा कागदावर घासून लगेच निरीक्षण नोंदवू नये. ओल्या दाण्यातील पाण्यानेही कागद पारभासक दिसतो, म्हणून तो वाळू द्यावा आणि नंतरही टिकणारा डागच तेलाचा म्हणून ग्राह्य धरावा. इथेनॉलच्या चाचणीत कुटलेला दाणा इथेनॉलमध्ये हलवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचा स्वच्छ द्रवच पाण्यात ओतावा; त्यात तेल असल्यास पाणी दुधाळ होते. गाळ सोबत गेल्यास त्यानेच पाणी गढूळ होते आणि तो दुधाळपणा तेलाचा की पिठाचा, हे सांगता येत नाही.