वाटी दुखते म्हणून आलेला पैलवान

इंटर्नशिपला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. कोल्हापुरात फिजिओथेरपी करायची म्हणजे गुडघे बघावेच लागतात. तालमीत बैठका मारणारी पोरं, पेठांतले फुटबॉलवाले, जोतिबाच्या पायऱ्या उतरून आलेल्या मावशी. पायऱ्या उतरताना, उकिडवं बसताना, एसटीत तासभर गुडघा मुडपून बसल्यावर वाटीच्या आजूबाजूला किंवा मागे दुखतं, ही तक्रार रोज कानावर पडते. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर मात्र आधी ऑर्थोपेडिककडे पाठवा.

सुरुवातीला माझ्याकडे एकोणीस वर्षांचा पैलवान आला. "मॅडम, ती रंगीत पट्टी मारा की, परवा कुस्ती हाय." मी मारली. त्यानं तिथंच दोन बैठका काढल्या, म्हणाला, "कमी वाटतंय." मी खूश. व्यायामाचा कागद हातात दिला, पण एकही व्यायाम करून घेतला नाही. आठ दिवसांनी पोरगा परत आला. दुखणं तेवढंच, वर टेपच्या टोकाखाली फोड. चूक माझी होती, टोकंसुद्धा ताणून चिकटवली होती.

टेप लावताना कातडी स्वच्छ, कोरडी हवी, केस काढलेले हवेत. कोपरे गोल कापा. दोन्ही टोकांची चार-पाच सेंटिमीटर पट्टी अजिबात न ताणता ठेवा, ताण फक्त मधल्या भागाला, तोही हलका. मग तळव्यानं चोळा, उष्णतेनं डिंक धरतो. तीन ते पाच दिवस राहते, पण खाज सुटली की लगेच काढायला सांगा. ही लवचिक टेप जपानच्या केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात आणली. ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल यांची वाटी आतल्या बाजूला ओढणारी, स्वतः न ताणली जाणारी टेप वेगळी, दोन्हींत गल्लत करू नका. कुठलीही लावलीत तरी "वाटी जागेवर बसवली" असं पेशंटला सांगू नका. टेपनं दुखणं थोडे दिवस कमी होतं, आणि तेवढ्या दिवसांत व्यायाम सुरू करून घ्यायचा असतो.

दुसऱ्या खेपेला मी त्याला एका पायावर पायरी उतरायला लावली. मांड्या दगडासारख्या, पण पाय टेकताना गुडघा आत पडत होता. कमरेच्या बाजूचे स्नायू कमी पडत होते. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. मग कुशीवर झोपून पाय उचलणं, टाचा जुळवून गुडघे शिंपल्यासारखे उघडणं, भिंतीला टेकून अर्धी बैठक आणि शेवटी आरशासमोर बुटक्या पायरीवरून सावकाश उतरणं. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमायला हवं.

बैठका पूर्ण बंद करायला सांगितल्या असत्या, तर पोरगा परत आलाच नसता. म्हणून तालमीत जाऊन वस्तादांना भेटले. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. "निदान सहा आठवडे, वस्ताद. तोवर अर्ध्याच बैठका, आणि खोल नाहीत." ते बराच वेळ गप्प राहिले, मग पोराला म्हणाले, "उद्यापास्नं माझ्यासमोर मारायच्या."